सात जमले की फोन वाजंल

न्हाई, हसा तुम्ही, खुशाल हसा, पण आधी मला एक सांगा... सात माणसं जमली की एक फोन वाजवायचा, ह्यात अवघड काय हाये? इतकंच तर काम होतं! चार वर्षं कॉलेज केलं, तीन वर्षं कंपनीत जावाचे प्रोग्राम लिहून राह्यले, आन् एका जीपच्या फोनानं मला असं पाणी पाजलं ना, की इचारू नका!

आन् जावा म्हणलं की आमच्या गावात आधी हसायला सुरुवात होती, ते बी सांगून टाकते. मला नोकरी लागली तवा फाट्याकडच्या वस्तीतल्या द्वारकाबाई, वय सत्तर, कान तिखट पण ऐकायचं अर्धंच, आमच्या आईला इचारतात, "उषाबाई, पोरगी काय काम करती गं?" आई म्हणली, "जावाचं." तर द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला, "अगं बया! लगीन न्हाई झालं पोरीचं, आन् जावा कुठून आल्या?" झालं! तवापासून रस्त्यात कोणी बी भेटलं की, "काय प्रियदर्शनी, जावा बऱ्या हायेत ना? भांडत तर न्हाईत?" आन् खरं सांगू का... भांडतात! रोज भांडतात! एक अर्धविराम इसरला तरी दिवसभर अबोला!

तर आमचे बाबा. वसंता जीपवाले म्हणलं की घनसावंगीच्या ष्टँडवर कोणी बी बोट दाखवंल. गाव आमचं घनसावंगीहून गोदावरीकडं बारा-तेरा किलोमीटर. गावापासून दोन किलोमीटरवर फाटा, आन् फाट्यावर तीन वस्त्यांची माणसं येऊन उभी राहतात. बाबा बावीस वर्षं काय करायचे, सकाळी गाडी फाट्यावर लावायची आन् भरायची वाट पाहायची. एक आला, दोन आले, मंग अर्धा घंटा कोणीच न्हाई, मंग आलेल्या दोघांतला एक म्हणतो, "मी चहा पिऊन येतो," आन् तो जो जातो तो जातोच. ह्या भानगडीत मागच्या ऑक्टोबर महिन्यात बाबा भर उन्हात बॉनेटला टेकून उभे होते, ते तिथंच भोवळ येऊन पडले. डोक्याला तीन टाके. डॉक्टर म्हणले, उन्हात बसायचं बिलकुल बंद. बाबा म्हणले, "मंग माणसं जमली हे मला घरी कसं कळंल? सपान पडंल का?"

आता योगायोग पाहा. तवाच कंपनीत मला काम दिल्तं, जावाच्या प्रोग्राममधून क्यूला ट्रिगर लावायचं. घाबरू नका, सोपं हाये. क्यू म्हंजे रांग. म्याशेज येतात आन् रांगेत गप बसतात. ट्रिगर म्हंजे त्या रांगेला बांधलेली बेल. बेल वाजली की झोपलेला प्रोग्राम उठतो आन् कामाला लागतो. बेल कवा वाजायची, किती म्याशेजवर वाजायची, वाजली की कोणाला उठवायचं, हे सगळं जावातून सांगून ठेवायचं. मी म्हणलं, अरे, हे तर आमच्या फाट्याचंच दुखणं! फाट्यावर आलेल्या माणसानं एका नंबरला मिस्कॉल द्यायचा, एक मिस्कॉल म्हंजे रांगेत एक म्याशेज, सात जमले की बेल, बेल वाजली की प्रोग्राम उठून बाबांना फोन लावणार. बाबा घरी पंख्याखाली! इतकंच तर काम होतं!

बाबांना समजून सांगितलं, तर ते म्हणतात, "सातच कशाला? जीपात चौदा बसतात."

"बाबा, कागदावर नऊ लिहिलेत."

"कागद कुठं बसतोय जीपात?"

कसंबसं सातवर तोडलं. दोन वाटेत मिळतात म्हणले. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं, ज्वारीच्या कणगीशेजारी, आन् आईला ताकीद दिली, ह्याचं बटन बंद करायचं न्हाई. आई म्हणली, "मंग मिक्सर कुठं लावू?" मिक्सरला दुसऱ्या खोलीत जागा दिली. मंग केली सुरुवात.

आता ट्रिगर तीन तऱ्हेचे असतात. मी म्हणलं पहिला लावून पाहू, त्याचं नावच पहिला. रिकाम्या रांगेत पहिला म्याशेज आला की वाजतो. साडेसातला वाजला! बाबांनी चहा अर्धा सोडला, पळाले, फाट्यावर गेले, तर तिथं द्वारकाबाई एकट्या, संगं एक शेळी. "आला का वसंता? चल." बाबा म्हणले, "बाकीचे कुठं हायेत?" द्वारकाबाई म्हणल्या, "बाकीचे कशाला पायजे? मी हाये, शेळी हाये." मंग काय, शेळीसंगं उन्हात उभं राहून सहा जणांची वाट पाहिली बाबांनी. म्हंजे जे बंद करायचं होतं तेच!

दुसरा लावला, दर म्याशेजला वाजणारा. आता तुम्हीच सांगा, गुरुवारचा दिवस, बाबा गाडी चालवून राह्यले आन् खिशात फोन ठणाणा. उचलला, बंद. परत ठणाणा. गाडी बाजूला घेतली, उचलला, बंद. परत! मागून एक म्हातारा म्हणतो, "वसंता, सावकार मागं लागला का रे?" घरी आल्यावर बाबांनी फोन माझ्यापुढं ठेवला आन् हात जोडले. "बाई, त्यापरीस ऊन बरं होतं."

मंग तिसरा. डेप्थचा. रांगेत सात झाले, का सातच्या वर गेले, की वाजणारा. हाच तर पायजे होता, मी आधीच का न्हाई लावला? तर म्हणलं पायरी-पायरीनं जावं, शहाणपणा म्हणतात त्याला! जावाच्या प्रोग्राममधे लिहिलं, ट्रिगर चालू, तऱ्हा डेप्थ, आकडा सात. चालवला. आन् दहा मिनिटांत बेल! सात! बाबा म्हणले, "हां, आता खरं!" केसाला कंगवा मारला, गॉगल लावला, थाटात फाट्यावर गेले, आन्...

कोण होतं सांगा?

द्वारकाबाई! एकट्या! "मीच दिले की सात येळा. पोरगी म्हणली ना, सात झाल्याबिगर येत न्हाई, मंग म्हणलं आपणच भरावेत."

बाबा तिथून जे आले ते थेट माझ्या खोलीत. मी हात जोडून म्हणले, बाबा, एका नंबरचा एकच मिस्कॉल धरते, पण तुम्ही बी एक ऐका. कोणी काय बी सांगू द्या, कोणी शपथ घेऊ द्या, फोन वाजल्याशिवाय जागचं हलायचं न्हाई. बाबा म्हणले, "न्हाई हलणार." आन् आमच्या बाबांचं कसं हाये, ते कोणतीच गोष्ट लवकर धरत न्हाईत, पण एकदा धरली की मंग सोडत न्हाईत.

मी दुरुस्ती केली, जावाचा प्रोग्राम परत चालवला, आन् दुसऱ्या दिवशी बेल वाजली, सात माणसं, सात तोंडं, बाबा खूश! त्या दिवशी होती अमावस्या, दुसऱ्या फेरीला माणूसच न्हाई, म्हणून बेल एकदाच वाजली, आन् मी म्हणलं जमलं! हे 'जमलं' लक्षात ठेवा. माणूस 'जमलं' म्हणतो ना, तवा त्याच्या पायाखाली केळीचं साल असतं.

कारण मंग उजाडला बुधवार.

आता सोनूबाईचं सांगते, न्हाई तर तुम्हाला कळायचं न्हाई. सोनूबाई म्हंजे पलीकडच्या वस्तीवरची, वय चाळीसच्या आतबाहेर, दुसऱ्याच्या कापसात जाती. पोरगी दहावीला बसली, त्याच वर्षी ही बी फॉर्म भरून दहावीला बसली. पोरगी पास, ही नापास. परत बसली. परत नापास, गणितात. तिसऱ्या वक्ती माझ्याकडं आली, "प्रिया, माय, तेवढं पायथागोरसाचं सांग गं." दोन महिने कापूस येचून आली की आमच्या ओट्यावर. आन् पास झाली! तिनं अंगणवाडीत मदतनीस व्हायचा अर्ज केल्ता, यादीत नाव आल्तं, आन् त्या बुधवारी घनसावंगीला कागदं तपासायची होती. अकराच्या आत हजर पायजे. न्हाई तर नाव कटाप, खालच्या नंबरला जागा.

सकाळी साडेसातची फेरी झकास झाली. बेल वाजली, बाबा गेले, सात नेले, सव्वाआठला घरी परत. मी नवाला घरूनच, लॅपटॉपवर, कंपनीच्या मीटिंगला बसले. पुण्यात आमचे हरिओम सर, सोळा माणसं स्क्रीनवर, आन् मीच बोलून राह्यले, क्यूचे ट्रिगर जावातून कसे लावावेत, किती सोपं असतं... हो! सोपं म्हणले मी! त्याच तोंडानं!

दहाला दहा कमी. माझा फोन थरथरला. सोनूबाई. मी कापला. परत आला. मी कापला. तिसऱ्यांदा उचलला, खालच्या आवाजात, "सोनूबाई, मीटिंग हाये—"

"प्रिया, आम्ही नऊ जण उभे हावोत गं! पाऊण घंटा झाला! सगळ्यांनी मिस्कॉल दिले, गाडीच न्हाई! मला अकराला पोचायचंय ना माय..."

मी उठून ओट्यावर पळाले. बाबा खाटेवर, फोन मांडीवर, फोनाकडं पाहून राह्यले. म्हणलं, "बाबा, नऊ जण हायेत फाट्यावर, निघा!"

बाबा म्हणतात, "फोन न्हाई वाजला."

"अहो, न्हाई वाजला, पण माणसं हायेत!"

"कोण म्हणलं?"

"सोनूबाई."

"काल-परवा द्वारकाबाई बी म्हणल्ती, सात हायेत. तूच म्हणली, कोणी शपथ घेतली तरी हलायचं न्हाई."

"आता मीच सांगून राह्यले की!"

"तू सांगून राह्यली, मशीन न्हाई सांगून राह्यलं."

आता काय करावं? ज्या माणसाला मशीनवर भरवसा ठेवा म्हणून मी आठ दिवस नाक घासलं, त्या माणसाचा मशीनवर इतका भरवसा, की पोटच्या पोरीवर न्हाई! मी ओट्यावर उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, जावा! जावा! अहो जावा म्हणते ना!"

आन् लॅपटॉपमधून हरिओम सरांचा आवाज, "प्रियदर्शनी, जावाला काय झालं? चालू व्हायना का?"

माईक! माईक चालूच राह्यला होता हो! सोळा माणसं!

म्हणलं आता लाज मरू दे. आत पळाले, त्याच स्क्रीनवर, सगळ्या कंपनीच्या देखत, आमच्या जीपची रांग उघडली. रांगेत म्याशेज किती? नऊ. बराबर. प्रोग्राम चालू? चालू. मंग बेल का न्हाई वाजली? ट्रिगर पाहिला... बंद! मी लावलेला ट्रिगर बंद! म्हणलं आईनं मिक्सर लावला का इथं? आई म्हणली, "मी तर गेले आठ दिस चटणी पाट्यावर वाटून राह्यले, माझं नाव घेऊ नको."

हरिओम सर शांतपणे म्हणतात, "अगं, डेप्थचा ट्रिगर हाये ना? तो एकदा वाजला की सोताहून बंद होतो. परत चालू करायचं काम आपलं असतं. माहितीपुस्तकात लिहिलंय."

एकदा वाजली की बेल सोताच बंद होती! ऐकलं तुम्ही? अशी बेल कोण बांधतं? आन् मला हे आठ दिवस कसं न्हाई कळलं? कारण दर येळेस दुरुस्ती केली की मीच जावाचा प्रोग्राम परत चालवायची, त्यानं ट्रिगर परत चालू व्हायचा, आन् मला वाटायचं सगळं बराबर हाये. बुधवारी पहिल्यांदा दुसरी फेरी आली, आन् बेल सकाळचीच झोपलेली! चूक मशीनची न्हाई, बाबांची न्हाई, द्वारकाबाईची सुदिक न्हाई. माझीच. सात झाले की फोन वाजवायचा, इतकंच तर काम होतं!

एक ओळ लिहिली. जावातून रांगेला सांगितलं, ट्रिगर चालू कर. बटन दाबलं, आन् ओट्यावर फोन वाजला. रांगेत नऊ बसलेलेच होते ना, बेलीनं वाटच न्हाई पाहिली. बाबांनी फोन कानाला लावला, ऐकला, आन् असे उठले, असे उठले... मी पाहतच राह्यले. मला वाटलं गडबडीनं उठले, तर न्हाई. डोळे भरल्ते त्यांचे. चावी घेताघेता म्हणले, "मला वाटलं, लोकांनी गाडी सोडली माझी. ती नवी बस चालू झाली म्हणतात ना. घंटाभर हा फोन पाहून राह्यलो, म्हणलं आता कोणी बोलावत न्हाई वसंताला."

म्हंजे नियम-बियम काही न्हाई हो. माणूस भ्याला होता. फाट्यावर जावं आन् तिथं कोणीच नसावं, ह्याला भ्याला होता, म्हणून खाटेवरून हलत न्हवता. आन् मी अडाण्यासारखी त्यांच्यावर ओरडून राह्यले.

मी बी जीपात चढले, लॅपटॉप मांडीवर, मीटिंग चालूच. फाट्यावर पोचलो तवा दहा वाजून बारा मिनिटं. सोनूबाई रस्त्याच्या मधोमध, इस्त्रीची साडी, कागदाची पिशवी छातीशी. बाबांना पाहिलं आन् तिला हसावं का रडावं कळंना. माणसं बसली, बाबांनी गाडी काढली, आन् चार किलोमीटरवर उसाची ट्रॉली आडवी! टायर फुटलं, ऊस रस्त्यावर, दोन्हीकडं गाड्या. सोनूबाई नुसती माझा हात दाबून राह्यली.

बाबा खाली उतरले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, परत बसले आन् म्हणले, "धरून बसा." आन् जीप घातली पाटाच्या कडंच्या गाडीवाटंनं! तुम्हाला सांगते, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला कापूस, मधी जीपाएवढीच जागा, आन् जीपाएवढी म्हंजे आरसे सोडून! मागचा एक माणूस नावं घेऊन राह्यला, सगळ्या देवांची, मधेच आमच्या बाबासाहेबांचं बी. लॅपटॉपमधून हरिओम सर म्हणतात, "प्रियदर्शनी, तुझ्याकडं भूकंप होतोय का?" आन् बाबा? बाबा गाणं गुणगुणून राह्यले हो! बावीस वर्षांत ते कोणाला म्हणून उशिरा घेऊन गेले न्हाईत.

दहा त्रेपन्न. कचेरीच्या फाटकापुढं गाडी उभी. सोनूबाई एक चप्पल जीपात सोडून आत पळाली. मी चप्पल घेऊन मागं, बाबा माझ्या मागं, आन् बाकीचे आठ जण, ज्यांना कोणाला बँकेत, कोणाला दवाखान्यात जायचं होतं, ते बी मागं! शिपाई इचारतो, "तुम्ही कोण एवढे?" बाबा म्हणले, "आम्ही संगं हावोत."

बाराला बाहेर आली. कागदं बराबर होती. मार्कशीट पाहून आतल्या बाई म्हणल्या म्हणे, "गणितात चौपन्न? छान." सोनूबाई मला ते चारदा सांगती. जागेचं न्हाई सांगत, चौपन्नाचं सांगती. तीन आठवड्यांनी हातात आदेश आला. आता सकाळी दहाला आमच्या गावच्या अंगणवाडीतून पोरांचा आवाज येतो आन् त्याच्यावर सोनूबाईचा, "रांगेत बसा रे!"

मी त्याच दुपारी काम पुरं केलं. आता प्रोग्राम उठला की बाबांना फोन करतो, रांगेतले सगळे म्याशेज काढून घेतो, आन् झोपायच्या आधी ट्रिगर सोताच परत चालू करतो. पाऊण घंट्यात सात न्हाई झाले तर जेवढे असतील तेवढ्यांवर वाजतो, म्हंजे एकट्यादुकट्याचे हाल न्हाई. दीड महिना झाला, एक फेरी चुकली न्हाई. बाबांचं बीपी खाली. हरिओम सरांनी कंपनीत हेच जसंच्या तसं लावलं, फक्त जीप काढून टाकली.

आन् मागल्या रविवारी सकाळी दारात कोण? पप्पू! घनसावंगीच्या ष्टँडवरचा दुसरा जीपवाला. जो महिनाभर बाबांना म्हणायचा, "वसंतामामा, तुमची जीप आता कॉम्प्युटर चालवतो का?" तो पप्पू! चप्पल दाराबाहेर, हात पुढं बांधलेले, आवाज एकदम मऊ. "ताई, माझ्या जीपला बी लावून द्या की."

मी खूश झाले! म्हणलं पाहा, झालं ना नाव! लॅपटॉप उघडला, जावाचा प्रोग्राम काढला. "किती माणसांवर वाजवू, पप्पूभाऊ?"

"लावा सातच."

"सात. फोन नंबर सांगा तुमचा."

तर तो इकडं-तिकडं पाहून, खाली मान घालून म्हणतो, "ताई... माझा नका टाकू. मी दुपारचा झोपलो की फोनानं उठत न्हाई. बायकोचा टाका. ती बराबर उठवती."

सात वर्षं झाली मला हे शिकून, आन् सगळ्यात भरवशाचा ट्रिगर पप्पूच्या घरात निघाला. टाकला वहिनींचा नंबर... करता काय!